दीड बादलीत काळी गाडी

५ मे, सोमवार. सकाळी ७.२०

माझं आयुष्य आज सात वाजून पाच मिनिटांनी बदललं. वेळ मुद्दाम मोबाइलमध्ये बघून ठेवली, पुढे लागेल.

झालं असं. शेजारचे अभिमननाना. सावद्याचे केळीचे व्यापारी, आता जळगावात आमच्या भिंतीला भिंत. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर त्यांनी नवी काळी गाडी आणली. काल भर दुपारी त्यांचा ड्रायव्हर सुकदेव तिच्यावर बोअरचा पाइप मारून जेवायला निघून गेला. आज सगळ्या बॉनेटवर पांढरे ठिपके. नाना ओरडत होते. मी भिंतीवरून म्हणालो, नाना, पाणी उडून जातं, क्षार बसून राहतो. नाना म्हणाले, मग इंजिनियर, तूच धू की.

इंजिनियर हा टोमणा होता. मी तिसऱ्या सेमला कॉलेज सोडलं हे कॉलनीला पाठ आहे. सोडलं. काढलं नाही. जर्नलवर सही देईनात म्हणून मी ते सरांच्या टेबलावर आपटलं, ते उडून सरांच्या चष्म्याला लागलं. तो वेगळा विषय.

पण किल्ली घेऊन कोण आलं? ज्योत्स्ना. नानांची एकुलती एक. केस ओले. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. बोट लागलं. मुद्दाम लावल्याशिवाय बोट लागत नाही.

संकल्प: राग टोटल बंद. तिच्या खिडकीकडे बघणं बंद. गाडीला दोन बादल्यांच्या वर पाणी नाही, आणि डाग एकही नाही.

७ मे, बुधवार

पहिली धुलाई. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचे दोन रुमाल. सगळं व्यवस्थित. फक्त सुरुवात नऊला झाली, कारण खिडकी साडेआठला उघडली. (बघितलं नाही. दिसलं.)

बॉनेट एवढं तापलं होतं की मागच्या दारापर्यंत पोचेस्तोवर पुढचा फेस वाळून पापुद्रा झाला. तो काढायला तिसरी बादली. मग चौथी. डाग आधीपेक्षा जास्त.

सुकदेव निंबाखाली बिडी ओढत बसला होता. म्हणे, काय इंजिनियर भाऊ, गाडी शे का नवरी शे? मी रुमाल फेकला फक्त. त्याला लागला नाही.

दोष उन्हाचा. जळगावच्या मे महिन्यात कोणीही हरलं असतं.

१० मे, शनिवार

आज पहाटे साडेपाचला. सावलीत. आणि बोअरचं नाही, नळाचं पाणी. डाग जवळजवळ गेले! टपाशी थोडे राहिले, ते मोजायचे नाहीत.

घरी मात्र तमाशा. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो. आईने प्यायचा ड्रम उघडला तर तळ दिसला. आई म्हणाली, त्यांच्या गाडीची आंघोळ होऊ दे, आपण चूळ भरून राहू. पप्पा शिंदखेड्याचे, चिडले की थेट अहिराणीत जातात. म्हणाले, बठ्ठं गाव पानीसाठी रडस, आन तू गाडीले न्हाऊ घालस! मी म्हणालो, तुम्हाला लाँग टर्म विचार करता येत नाही. पप्पांनी ताटावरून उठून विचारलं, कसला लाँग टर्म? मी पडलो घराबाहेर. दुपारी परत आलो, ऊन फार होतं.

१२ मे, सोमवार. सकाळी ११

सापडलं!!

ज्योत्स्नाच्या खोलीचा एसी. त्याचा पाइप आमच्या बाजूला सुटतो. आई तीन वर्षं त्यावरून भांडते आहे, तिच्या कुरडया ओल्या होतात म्हणून. मूर्खपणा. अहो, ते पाणी हवेतून आलेलं! क्षार येणार कुठून?

हसनैनच्या आरओ रिपेरिंगच्या दुकानातून पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर मागून आणला. बोअर: अकराशे चाळीस. नळ: तीनशे दहा. ज्योत्स्नाचा एसी: अठरा.

अठरा! एवढी शुद्ध गोष्ट मी आयुष्यात पाहिली नाही. हसनैन म्हणाला, भाई, किसका पानी है, चेहरा लाल क्यों हो रहा है? मी म्हणालो, रिसर्च आहे.

पाइपखाली बादली लावली.

१६ मे, शुक्रवार

नोंदी.
मंगळवार: बादलीचा तळ झाकला.
बुधवार: चार बोटं.
गुरुवार: पाव बादली.
आज: पाव बादलीच्या वर, आणि अजून संध्याकाळ व्हायची आहे.

आधी एसी रात्रीच लागायचा. आता दुपारीही चालू असतो. बादली तिच्या खिडकीतून सरळ दिसते. मी काही म्हणत नाही. पण बादली लावल्यापासूनच एसी वाढतो, याला काहीतरी अर्थ असणार की नाही? तोंडाने सगळेच बोलतात.

काकू, म्हणजे ज्योत्स्नाची आई, नानांना सांगत होत्या, पोरीने एसीचा नाद लावून घेतला आहे. नाद! काकू बरोबर बोलल्या, फक्त वस्तू चुकली.

२० मे, मंगळवार

आज पर्फेक्ट. लिहून ठेवतो, कोणाला शिकवायची वेळ येईल.

आधी कोरड्या कुंचल्याने धूळ झटकायची, नाहीतर ओरखडे. पाऊण बादलीत अर्धं झाकण शाम्पू. वरून खाली. छत, काचा, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच दार: स्पंजने फेस, दुसऱ्या बादलीत पिळलेल्या फडक्याने फेस काढायचा, लगेच कोरडा रुमाल. थेंबाला वाळायला वेळ द्यायचाच नाही. एसीचं पाणी फक्त शेवटच्या हाताला. एकूण दीड बादली. उरलेलं गढूळ पाणी निंबाला.

सहाला सुरुवात, पावणेसातला बॉनेटमध्ये माझा चेहरा स्वच्छ दिसला. बरा दिसतो मी.

नाना बाहेर आले, भोवती एक चक्कर मारली. मुनीमजींना म्हणाले, पोरगा आपल्या घरचाच आहे. मुनीमजी साक्षीला आहेत. घरचाच!

२५ मे, रविवार

आईने भाजी निवडता निवडता सांगितलं, नानांच्या पोरीचं जमलं म्हणे, धुळ्याला. मुलाचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. मी म्हणालो, तुझं त्या घराशी कुरडयांवरून वाकडं आहे, तू असंच ऐकणार. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग आमटी वाढली. एरवी मी मागतो तेव्हा मिळते.

विचार केला. शांत डोक्याने. जमलं असतं तर एसी असा चालला असता?

दुसरा पुरावा. आज गाडीत बसून मीटर पाहिला: शहाण्णव किलोमीटर. नाना अजून जुनीच जीप वापरतात. नवी गाडी कोणासाठी राखली आहे? ज्याला किल्ली दिली आहे त्याच्यासाठी. सरळ आहे.

३० मे, शुक्रवार

हवा दमट झाली आहे. बादली आता रोज अर्धी भरते. मी तर म्हणेन पाऊण.

प्लॅन: ७ जूनपर्यंत गाडी आरशासारखी ठेवायची. रविवारी ८ तारखेला नाना सगळ्यांना घेऊन धुळ्याला कार्यक्रमाला जाणार आहेत. कोणाचा कार्यक्रम ते मी विचारलं नाही, भोचकपणा वाटतो. जायच्या आधी नानांना एकटं गाठायचं आणि सरळ बोलायचं. जूनमध्ये कॉलेजला पुन्हा अॅडमिशन घेईन असंही सांगायचं. घेईनच असं नाही. सांगायचं.

३ जून, मंगळवार

राग बंद हा संकल्प आज मोडला. माझ्यामुळे नाही.

सुकदेव टायरला काळं पॉलिश मारत होता. मी म्हणालो, टायर मी करतो, माझी गाडी आहे. तो हसला. म्हणे, भाऊ, तुमची कशी? ही टिळ्यात, साखरपुड्यात द्यायची गाडी आहे, जावईबापूंची. रविवारी धुळ्याला पोचवायची. मी म्हणालो, खोटं. तो म्हणाला, खोटं कशाला बोलू, टिळ्याचं कार्ड पाहिलं ना तुम्ही? मग आवाज खाली आणून म्हणाला, आणि ती दुपारभर एसी लावून दार का बंद करते, तेही कॉलनीला माहीत आहे. फोन चालतो धुळ्याचा.

मी ढकललं. पॉलिशचा डबा सांडला, सुकदेव पडला, त्याचं कोपर सोललं. पन्नाशीचा माणूस. उठून कपडे झटकत म्हणाला, मी पण तुमच्या वयाचा होतो भाऊ.

असल्या दयेचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

५ जून, गुरुवार. दुपारी ३

तिलाच विचारलं. भिंतीवरून. ती कुंडीत पाणी घालत होती. म्हणालो, एक खरं सांग, दुपारी एसी कोणासाठी लावतेस? मला वाटलं लाजेल. ती म्हणाली, तुझ्या बादलीसाठी!

दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत मी काय काय जगलो ते लिहिता येणार नाही.

मग म्हणाली, बोअरच्या पाण्याने डाग पडतात हे तूच माझ्या पप्पांना सांगितलंस ना? टिळ्याला गाडी चांगली दिसली पाहिजे. सासूबाई फार बारीक बघतात. तू एवढी मेहनत घेतोस, म्हटलं माझ्याकडून निदान पाणी तरी. आणि म्हणाली, थँक्यू हितेंद्र. रविवारचं तेवढं नीट कर, मला जाम टेन्शन आहे.

म्हणजे एसी माझ्यासाठीच होता. माझा अंदाज चुकला नव्हता. नोंदी बरोबर होत्या.

बादली लाथेने उडवली. आईच्या कुरडयांवर गेली.

८ जून, रविवार. सकाळी ९.३०

पाचला उठलो. सावली होती. थंड होतं. सगळं अनुकूल होतं.

साडेआठपर्यंत थांबलो. ऊन बॉनेटवर आलं तेव्हा बोअरचा पाइप लावला. मनसोक्त. छत, काचा, दारं. दीड बादलीत होणाऱ्या कामाला दहा मिनिटं पाइप सोडला, रस्त्यापर्यंत ओघळ गेला. रुमालाला हात लावला नाही. उभा राहून बघितलं. थेंब आधी गोल असतात, मग कडेने पांढरे होतात, मग नुसती कड उरते. हजारो कडा.

घाईत कोणी पाहिलं नाही. काकू ताटं मोजत होत्या, नाना फेट्यात. जाताना नाना काचेतून ओरडले, शाब्बास रे पोरा! ज्योत्स्नाने हात हलवला.

मला अजिबात वाईट वाटत नाही. नवऱ्याला कळू दे. लग्न मोडलं तर माझा नाइलाज आहे.

८ जून, संध्याकाळी ७

अजून आले नाहीत. जेवलो नाही. भूक नाही असं नाही.

९ जून, सोमवार. दुपारी १

कळलं. सकाळी काकू भिंतीशी आईजवळ रडल्या, मी आतून ऐकलं.

धुळ्याला मांडवापाशी गाडी उभी केली. चार गावचे पाहुणे. मुलाच्या आईने बॉनेटवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, जुनी उचलून आणली वाटतं? लोक हसले. नानांनी फेटा काढून हात जोडले. ज्योत्स्ना आत पंगतीत होती, बातमी तिथपर्यंत गेली. ती जेवलीच नाही.

लग्न मोडलं नाही. नानांनी पांढरी गाडी कबूल केली. पांढरीवर डाग दिसत नाहीत, असं नवरा म्हणाला म्हणे.

माझ्या मते यात सुकदेवचंही काहीतरी असणार. रस्त्यात पारोळ्याला थांबले होते म्हणे, तिथे त्याने ओल्या फडक्याने पुसली असणार. त्याला कितीदा सांगितलं होतं.

९ जून, सोमवार. संध्याकाळी ६

नानांनी बोलावलं. भिंतीवरून नाही, घरात. हॉलमध्ये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सोफ्यावर बसलो.

नाना एका दिवसात खचलेले वाटले. म्हणाले, सुकदेवला काढून टाकला. पारोळ्याला ओलं फडकं मारलं म्हणे त्याने, कबूल केलं. माझीच चूक असेल म्हणून पाया पडत होता. अठरा वर्षं माझ्याकडे असलेला माणूस, पण इज्जत गेली रे माझी. तू घरचा आहेस. लायसन आहे ना? उद्यापासून तू ये.

मी सांगणार होतो. खरंच. तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात नानांना फोन आला, ते खिडकीशी जाऊन पांढऱ्या गाडीचं बोलायला लागले. ज्योत्स्ना पाणी घेऊन आली. ग्लास टेबलावर ठेवला. हातात नाही दिला. डोळे सुजलेले. हळूच विचारलं, काल पाणी कोणतं होतं?

मी म्हणालो, एसीचंच. शनिवारी भरलेली बादली.

ती म्हणाली, शुक्रवारपासून एसी बंद आहे हितेंद्र. स्टॅबिलायझर जळालाय.

एवढंच. आवाज वाढवला नाही. वडिलांकडे वळली नाही. नुसती उभी राहिली, मी पुढे काय बोलतो ते बघत.

नाना फोनवर बोलता बोलताच मला हाताने खूण करत होते, बस, बस. मी उठलो. सुकदेवला सोडवायला फक्त चार अक्षरं लागली असती: मीच केलं. चपला सापडेनात, मग सापडल्या. बाहेर आलो आणि माझ्यामागे दार लावून घेतलं.