दादाचा अर्धा राहिलेला कॉम्प्युटर

प्रिय दादा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध, आणि आज दुपारी तुझा कॉम्प्युटर चालू झाला. म्हणून लिहिते आहे. बाबांना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि उद्याच्या केळीच्या पानांचं बघायला बाजारात गेले. काकांना कळव्याला फोन केला, ते म्हणाले, "सुटला बिचारा." तुझ्या मित्राला, रोहनला, मेसेज केला, त्याने लगेच विचारलं, "टेम्परेचर किती दाखवतोय?" सगळ्यांमध्ये तोच एक प्रश्न तू विचारला असतास तसा होता. पण तुलाच कोणी कळवलं नाही ना? ते माझ्याकडे आलं.

हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते तुला ठाऊक नसेल. तुझ्या दहाव्याला शहाडजवळ नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाबा हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला मी सांभाळीन." कावळा झाडावर बसून राहिला. आत्या म्हणाली, "केतकीला चांगल्या घरी देऊ." तेव्हाही तो आला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. मग काका पुढे झाले. "निनाद, तुझा तो कॉम्प्युटर केतकी पुरा करेल. वर्षाच्या आत." आणि कावळा आला.

माझ्या मागे रोहन पुटपुटला, "काका, ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं, तेही विचारून घ्या ना."

मी ओढणी तोंडात कोंबली. लोकांना वाटलं, रडतेय. रडतही होतेच. पण दादा, मला कोणी विचारलं होतं का? शब्द काकांनी दिला, खात्री कावळ्याने केली आणि हमी माझी. कावळ्याला काही कळतं यावर माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. पण दिलेला शब्द दिलेलाच असतो, मग तो दुसऱ्याने माझ्या नावावर दिलेला का असेना. तू यालाच माझा आजार म्हणायचास.

या विषयातलं मला जे काही येतं ते तुझ्याकडून. शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला आम्ही माउसचं चित्र काढून रंगवत होतो, तेव्हा तू घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जुना कॅबिनेट उघडायचास आणि एकेका भागावर बोट ठेवून विचारायचास, "हा कोण?" चुकलं की टपली. माझी पहिली शाळा ती. आधी मॉनिटर ठरव, मग त्याला पुरेल असं कार्ड, मग कार्डाला वाट बघायला लावणार नाही असा प्रोसेसर. आणि पॉवर सप्लायमध्ये कंजूषी नाही. "लोक गाडीला भारीतले अलॉय व्हील लावतात आणि ब्रेक जुनेच ठेवतात, तसली कामं आपण करायची नाहीत."

तुझं टेबल जसं होतं तसंच राहिलं होतं. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड बसवलेला, त्यावर प्रोसेसर आणि कूलर. पॉवर सप्लाय आणि डिस्क जागेवर. बाजूला रॅमचं पार्सल, न उघडलेलं. कार्ड नव्हतंच. दोन कार्डांमध्ये तू महिनाभर घुटमळत होतास, आणि कुठलं ते न सांगता गेलास. एकाला मेमरी जास्त, पण ते इतकं लांब की पुढच्या पंख्याला टेकेल की काय अशी शंका. दुसरं आखूड, नीट बसणारं, पण दोन वर्षांनी तुला अपुरं वाटलं असतं. तुझ्यासाठी दोन वर्षांनंतरचा विचार मी कसा करायचा होता, सांग ना? आईच्या शिवणाच्या टेपने मी कॅबिनेट आतून मोजला, पुन्हा मोजला, आणि कल्याणच्या दुकानात जाऊन पुन्हा विचारलं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, गेम खेळणार कोण, तुम्ही?"

"माझा भाऊ."

"मग त्यालाच घेऊन या की. तुम्ही आज नेणार, तो उद्या बदलायला येणार. रोजचं आहे आमचं."

मी म्हटलं, "तो येऊ शकत नाही." तो म्हणाला, "मग व्हिडिओ कॉल लावा." मी आखूड कार्ड घेतलं आणि बाहेर पडले. रागावू नकोस. पंख्याला घासणारं कार्ड मला झोपू देत नाही.

ते रॅमचं पार्सल उघडायला मात्र मला फार जड गेलं. त्याच्यासाठीच तू घरी थांबलास ना? अंगात ताप, डोळे लाल, आणि म्हणे, "आज पार्सल येणारे, ओटीपी द्यावा लागतो, उद्या जातो डॉक्टरकडे." प्रोसेसर जरा तापला की बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावणारा तू. स्वतःचा ताप अंगावर काढलास. आई म्हणाली, "दमलायस, झोप, गवती चहा देते." तू चहा प्यायलास, पार्सल घेतलंस आणि झोपलास. डेंग्यू आहे हे कळेपर्यंत दवाखान्यात धावाधाव करण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून आई दर थोड्या दिवसांनी विचारायची, "झाला का गं?" सुरुवातीला मला वाटलं, सहज विचारते. पण पंधरा दिवसांपूर्वी श्राद्धाचं बोलणं निघालं तेव्हा ती बाबांना म्हणाली, "मी येणार नाही. शब्द पुरा झालेला नाही. माझं पोर कुठेतरी ताटकळत बसलंय आणि मी पिंडाला नमस्कार करू?" बाबा चिडले. म्हणाले, "अगं, कॉम्प्युटरसाठी कोणी ताटकळतं का?" आई म्हणाली, "जिवंतपणी ताटकळला होता की."

बाबा चप्पल घालून बाहेर पडले.

मग मी बसले. रॅमच्या दोन पट्ट्या. एक नीट बसली. दुसरीच्या एका टोकाला खटका वाजला, दुसऱ्या टोकाला वाजेना. तुझं वाक्य आठवलं, "घाबरू नकोस, दाब. रॅम बसताना बोर्ड तुटल्यासारखं वाटतंच." मी दाबलं. अंगठ्यांचा जोर लावून दाबलं आणि कसाबसा खटका वाजला. कार्ड बसवलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. मॉनिटर काळा. बोर्डावरच्या चार बारीक दिव्यांपैकी मेमरीचा, म्हणजे रॅमचा, दिवा पेटला आणि तसाच राहिला.

मला वाटलं, मी मारला. तुझा शेवटचा कॉम्प्युटर मी मारला.

मग तू शिकवलेलं सगळं क्रमाने केलं. मेन केबल काढून पुन्हा लावली. कार्ड काढून पाहिलं. बोर्डावरची गोल बॅटरी काढून पुन्हा बसवली. रोहन येऊन गेला. खुर्चीत रेलून म्हणाला, "बोर्ड गया, केतकी. वॉरंटीत टाक आणि सोड ना यार."

"तो परत येईपर्यंत श्राद्ध होऊन जाईल."

"मग काकूंना सांग झाला चालू. पंखे फिरतायत, लाइट लागतायत. त्यांना काय कळतंय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं बरं, सॉरी. तू निन्याचीच बहीण आहेस."

खरं सांगू? मोह झाला होता. आईला काळ्या मॉनिटरमधलं काय कळणार होतं? पण तिच्यासमोर खोटं बोलायचं तर ते आधी माझ्या चेहऱ्यावरच दिसतं, इतकी मी घाबरट.

आज सकाळी पुन्हा दोन्ही पट्ट्या काढल्या आणि या वेळी पट्टी न बघता ती जिथे बसते ती खाच बघितली. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून. त्या काळ्या खाचेत तळाशी काहीतरी उभं होतं. आधी तुटलेला प्लॅस्टिकचा तुकडा वाटला. चिमट्याने हळूच ओढला. तांदूळ होता. अख्खा, बारीक कोलमचा, कुंकवाने लालकाळा झालेला. लहानपणी आईने मला ताट पुढ्यात घेऊन शिकवलं होतं, तुटका दाणा अक्षतांमध्ये घ्यायचा नाही, देवाला चालत नाही. हा तिने निवडलेला दाणा होता.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तुझ्या टेबलाची पूजा झाली होती, आठवतं? रॅम आलं नव्हतं, खाचा रिकाम्या होत्या. आई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली तेव्हा तू घाईघाईने बाजूची काच लावून घेतलीस. "काचेवर काय हवं ते कर आई, आत नाही." तिने काचेवर स्वस्तिक काढलं, झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या, त्या घरंगळून टेबलावर पडल्या. मी तिथेच होते. मग हा दाणा आत कसा?

"सापडलं का काही?" आई दारात उभी होती. माझ्या चिमट्यात दाणा.

कचरा होता म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "अडकलं होतं."

"काय?"

"तांदूळ."

ती जवळ आली. चिमट्यातून दाणा आपल्या तळव्यावर घेतला. बोटाने उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, "तू आणि तो आपट्याची पानं द्यायला खाली गेला होतात. मी काच काढली. काचेवरची पूजा पोचते का गं? आपण देवाची मूर्ती डब्यात ठेवून डब्याला कुंकू लावतो का? चार दाणे टाकले नि काच लावली. त्याला कळू नये म्हणून फूलसुद्धा ठेवलं नाही."

मी काम करत राहिले. त्या खाचेतली एक बारीक पिन दबून वाकली होती. दाणा तिचा, जोर माझा. ती खाच गेलीच. मग एकच पट्टी घेतली, दुसऱ्या खाचेत बसवली, या वेळी अलगद. आईला म्हटलं, "बटण तू दाब." ती नको नको म्हणाली. मी दाबलं. मेमरीचा दिवा पेटला, विझला, आणि मॉनिटर उजळला. तुझ्या प्रोसेसरचं नाव आलं, पंख्यांचा वेग आला. रोहनला कळवलंय, टेम्परेचर चांगलं आहे. मग एक ओळ आली.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"म्हणतोय, मी चालू झालो, पण माझ्यात सुरू करण्यासारखं काही सापडत नाही."

"म्हणजे बिघडला?"

"नाही. डिस्क कोरी आहे. त्यात काही टाकलेलंच नाही अजून."

ती त्या ओळीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता तरी रडेल. तिने विचारलं, "त्याला कळलं असतं का, मी काच काढली होती ते?"

"रॅम बसवताना लगेच कळलं असतं."

"रागावला असता?"

"खूप. जेवायला बसेपर्यंत."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा तिचे दात दिसले. आणि ते हसू ओठांवर असतानाच तिने ते विचारलं, जे घरात कोणी उच्चारत नव्हतं. "केतू, तापाचंही असंच झालं का? मी गवती चहा देत बसले. त्याच दिवशी नेलं असतं तर?"

वर्षभर तिने न विचारताच सगळ्यांनी तिला उत्तरं दिली आहेत. वेळ आली होती. देवाला आवडला. आयुष्याची दोरी तेवढीच. काका, आत्या, शेजारच्या काकू, सगळे. ती मान हलवते आणि आत जाऊन भांडी घासते. आज तिने मला विचारलं, आणि माझ्या तोंडाशी "नाही गं, तुझं काही चुकलं नाही" हे आलं होतं. पण ते मला माहीत नाही, दादा. डॉक्टर म्हणाले होते, कदाचित वाचला असता, कदाचित नसता. कॉम्प्युटरचा एकेक भाग काढून बघता येतो. तुझा तो दिवस उघडून मी कुठला भाग बदलून बघू? चहा? पार्सल? की मीच? त्या संध्याकाळी तुझ्या कपाळाला हात लावून "जास्त नाहीये" असं म्हणणारी मीही होतेच ना?

मी म्हटलं, "माहीत नाही, आई. डॉक्टरांनाही नव्हतं माहीत."

मला वाटलं, ती कोसळेल. ती तुझ्या खुर्चीत बसली. एवढंच म्हणाली, "हं. एवढं तरी कोणी म्हणालं." आणि मग रडली. मी तिच्या पायाशी बसून राहिले. कॉम्प्युटर समोर तसाच चालू होता, तीच ओळ दाखवत. शेवटी तिनेच सांगितलं, "बंद कर. वीज जाते."

उद्या ती येणार आहे. बाबांना सांगून झालं, साडीही काढून ठेवली आहे. पण ती सुटली असं मला वाटत नाही. तू सुटलास की नाही, ते मला कळण्यापलीकडचं आहे. आता ती तो प्रश्न पुन्हा विचारेल. उद्या श्राद्धाहून परतल्यावर विचारेल, दिवाळीत विचारेल, कोणाला ताप आला की विचारेल. आणि मी अशी आहे की प्रत्येक वेळी मला वाटेल, गॅलरीत जावं, वाळलेले कपडे काढायचं निमित्त करावं.

म्हणून हा शब्द माझा मी देते, काकांच्या तोंडून नाही. ती विचारेल तेव्हा मी खोटं सांगणार नाही, आणि तिला खोलीत एकटी टाकून उठूनही जाणार नाही. उत्तर तेच असेल, माहीत नाही. ते मी तिच्या शेजारी बसून देईन, जितक्या वेळा ती विचारेल तितक्या वेळा.

तुझी,
केतकी