कोरं कार्ड

॥ श्री वीतरागाय नमः ॥
सांगली, ता. १२ डिसेंबर १९४९

चि. पायगोंडास चंदनबालाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं आणि माझा जीव भांड्यात पडला. मजकूर नेहमीचाच, साताऱ्याची थंडी नि तुझा खोकला. पण मी आधी कोपराच पाहिला. ठरल्याप्रमाणे कुंकवाचं बोट होतं. म्हणजे तुमच्या साताऱ्याचा मुलगा, भूपाल, चांगला. तुझ्या दाजींना मी त्याच सकाळी सांगितलं, की माझ्या भावाकडून चौकशी झाली आहे, आता मागेपुढे पाहू नका. भूपालचे चुलते हळद साठवायच्या पेवांच्या धंद्यात यांचे भागीदार, तेव्हा यांना घाई होतीच. काल आपल्या गुणमालाचा साखरपुडा झाला. लग्न माघात.

खरं सांगू का, दिवाळीत तू ही खूण सुचवलीस तेव्हा मी मनात हसले होते. आमच्याकडे कार्ड सगळं घर वाचतं आणि पाकीट आलं तर दाजी फोडतात, म्हणून तू म्हणालास, एका बोटात काम होईल. लष्करातून आलास तरी तुझा तारेचा नाद सुटला नाही. पण या खेपेला तुझं शहाणपण उपयोगी पडलं बाबा. आता स्वतःसाठीही एखादी पाहा, का तिलाही तारेनंच मागणी घालणार आहेस?

प्रकृतीस जप. लग्नाला आठ दिवस आधी ये, मांडवाचं तुझ्याकडे आहे.
तुझी अक्का


सातारा, ता. १५ डिसेंबर १९४९

ती. अक्कास पायगोंडाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तार ऑफिसात मिळालं. अक्का, मी कुंकू लावलं नव्हतं. कार्ड मुद्दाम कोरं ठेवलं होतं. कोरं म्हणजे नाही, असंच आपलं ठरलं होतं ना?

आता आडपडदा नको, दाजींनी पाकीट फोडलं तर फोडू देत. भूपालला दारूचं व्यसन आहे. संध्याकाळनंतर तो दुकानात नसतो, असला तरी शुद्धीत नसतो. घरात विधवा वहिनी आहे, तिला तो मारतो. शेजारची रंगुबाई तिला दोनदा आपल्या घरी घेऊन गेली होती. ती म्हणाली, आवं दादा, लय वंगाळ हाय, पोरगी देऊ नगा.

कार्डावर ते बोट कुठून आलं मला कळत नाही. पण कुठूनही आलेलं असो, दोष माझा आहे. मला तोंड दाखवायला जागा नाही. माझे जुने साहेब हल्ली बंगलोरला असतात. त्यांनी अमेरिकेतल्या एका गणित्याचा लेख पाठवला होता आणि तो वाचून मी हवेत गेलो होतो. तो म्हणतो, निरोप कसलाही असो, तो होय-नाहीच्या लहान लहान तुकड्यांत मोडता येतो. आणि बातमीचं वजन शब्दांवर नसतं, ती किती अनपेक्षित आहे यावर असतं. उद्या सूर्य उगवेल, हे सांगून कुणी काही सांगितलं असं होत नाही. आपण पत्राच्या आरंभी नमस्कार लिहितो त्यातही बातमी नाही, कारण तो सगळेच लिहितात. हे मला इतकं आवडलं की तुझ्या लेकीचं आयुष्य मी एका तुकड्यात बसवायला निघालो.

त्याच लेखात पुढे लिहिलं आहे की वाटेत गडबड शिरतेच, आणि तिच्यासाठी निरोपात थोडं जास्तीचं ठेवावं लागतं. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगावी, म्हणजे एक पुसली तरी दुसरी उरते. ते पाल्हाळ नसतं, ती राखण असते. ब्रह्मदेशात मी निरोप पाठवला की समोरच्याकडून तो परत म्हणवून घेतल्याशिवाय हलत नसे. परक्या पलटणीसाठी एवढी काळजी घेतली आणि सख्ख्या भाचीसाठी घेतली नाही. काही न लावणं हाच मी निरोप ठरवला, म्हणजे वाटेत कुणीही काही लावलं की संपलं. एवढं साधं मला सुचू नये?

दाजींना आजच सांग. माझ्यावर रागव, पण सांग.
तुझा नालायक भाऊ पायगोंडा


॥ श्री ॥
सांगली, ता. १९ डिसेंबर १९४९

चि. पायगोंडास आशीर्वाद. वि. वि.

बोट सासूबाईंचं निघालं. पोस्टमनकडून कार्ड त्यांनीच घेतलं होतं. मी विचारलं तर भाबडेपणानं म्हणाल्या, अगं, लगीन निघालेल्या घरात कोरं कार्ड न्हाई ठेवत, तुझा भाऊ एकटा गडी, त्याला काय कळतंय, म्हणून मीच लावलं. त्यांच्यावर काय रागावू? मलाही ही रीत ठाऊक होती की. मी तुला त्याच वेळी अडवायला हवं होतं. तू एकटाच नालायक नाहीस.

तुझं पत्र यांच्या हातात दिलं. यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, तुझा भाऊ आधी होय म्हणतो, मग नाही म्हणतो, त्याचं कोणतं खरं धरू? मी बोटाची हकीकत सांगितली तेव्हा इतके ओशाळले की माझ्याकडे बघेनात. आपल्या पाठीमागे बायको नि मेव्हणा खुणा करत होते, हे त्यांना लागलं. मग म्हणाले, बाजारात शब्द दिला आहे, भागीदाराला काय सांगू, त्याच्या पुतण्याच्या शेजारणीनं असं म्हटलं म्हणून? आणि शेवटी म्हणाले, गुणमालाला विचारलं होतं आपण. तिची पसंती आहे. पोरीची पसंती असताना आपण कोण मोडणारे?

विचारलं होतं हे खरं आहे, मीच विचारलं होतं. तिनं मान खाली घातली आणि बायका हसल्या. तुझं पत्र मी तिलाही वाचायला दिलं. ती पत्र घेऊन माडीवर गेली. काय करावं सुचत नाही. स्वतःच्या पोरीसमोर जायची मला लाज वाटते.
तुझी अक्का


सांगली, ता. २० डिसेंबर १९४९

ती. मामांस गुणमालाचा शि. सा. न. वि. वि.

आईला न सांगता लिहीत आहे. पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत मी स्वतः टाकणार आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कुंकवाबद्दल तुम्ही आणि आई एवढं मनाला लावून घेत आहात, पण मामा, मला त्या कार्डाची गरज नव्हती. साखरपुड्याच्या दिवशी पाटावर ते माझ्या शेजारी बसले होते. भर दुपारी तोंडाला वास येत होता. त्यांची वहिनी माझ्या ओटीच्या तांदळांचं ताट बायकांकडे द्यायला पुढे आली, तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला तर ती दचकून मागे सरली. तांदूळ सांडले. सगळे हसले. मी तिचा चेहरा पाहिला.

तुम्ही लिहिलं आहे की उद्या सूर्य उगवेल हे सांगण्यात बातमी नाही, कारण दुसरं काही होणारच नसतं. मग मला एक सांगा. बघायला आलेल्यांपुढे बसवलेल्या मुलीला सगळ्यांसमोर विचारतात, पसंत आहे ना, आणि ती मान खाली घालते. पसंत असली तरी घालते, नसली तरी घालते, भ्यायली असली तरी घालते. मान वर करून नको म्हटलेली एक तरी मुलगी आपल्या नात्यात तुम्ही पाहिली आहे का? मग माझ्या मानेवरून बाबांना काय कळलं? आईला काय कळलं? ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं, तो मला विचारला होता असं मी कसं म्हणू?

लाज मलाही आहे. तेव्हा बोलावं लागलं नाही म्हणून मला बरंच वाटलं होतं. वास आल्यावरही मी गप्प राहिले आणि पेढा खाल्ला. त्या वहिनीच्या जागी दोन महिन्यांनी मी असेन, हे कळत असूनही खाल्ला.

रविवारी या. बाबांच्या समोर मला विचारा. मी नको म्हटलं तर ते ऐकून घ्यायची आणि भागीदाराच्या दारात जाऊन सांगायची तयारी असेल, तरच विचारा. तशी तयारी नसेल तर रविवारी येऊ नका. मग लग्नालाच या.

लोभ असावा, माझं उत्तर कोणतंही असलं तरी.
आपली भाची
गुणमाला