डेलियाबाईंचा विस्तव

१४ सप्टेंबर
घर माझं झालं! आयर्लंडातल्या लीट्रिमच्या टेकडीवर, माझ्या शाळेपासून सायकलच्या टप्प्यात, जाड दगडी भिंतींचं. बैठकीच्या खोलीत भिंतीतली चूल एवढी मोठी आहे की आत खुर्ची टाकून बसावं. शेजारचा मॅलकी न बोलावताच सामान उतरवायला आला. पुस्तकांची खोकी उचलताना म्हणाला, मास्तरीणबाई, दगड भरून आणले असते तर हलके पडले असते. त्याला तीन कप चहा पाजला.

घर विकणाऱ्या डेलियाबाई नव्वदीला टेकलेल्या. आज त्या गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. जाताना एकच मागणं मागितलं: चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी उकरून वर टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या, वाळल्या विटा रचायच्या. त्यांच्या आजेसासूच्या आधीपासून तो तेवता आहे म्हणे. मी त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं.

२९ सप्टेंबर
विस्तव सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. आणि एवढं करून ऊब सगळी धुराड्यातून वर जाते. माझे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. म्हणून चुलीच्या पोकळीत बसणारी, काचेच्या दाराची बंद शेगडी घ्यायचं ठरवलं. दुकानदार सर्वांत मोठी गळ्यात मारत होता. बसवणारा फिंटन खोली मापून म्हणाला, ती घेतलीस तर ऐन डिसेंबरात खिडक्या उघडून बनियनवर बसशील बाई, पाच किलोवॅटची पुरे. धुराड्यात वरपर्यंत पोलादी नळी घालायची आणि लाकूड नीट वाळलेलंच जाळायचं, अशी तंबी दिली. माणूस मला आवडला.

८ ऑक्टोबर
शेगडी बसली. फिंटनने धुराड्यातून कावळ्यांच्या घरट्याच्या पोतंभर काड्या काढल्या, नळी सोडली, वर पत्रा ठोकून फटी बुजवल्या. ओतीव लोखंडाची आहे, देखणी दिसते.

काम करायला चूल गार लागते. इकडे अशा वेळी निखारे बादलीत घालून शेजाऱ्याच्या चुलीत ठेवायला नेतात आणि काम संपलं की परत आणतात. काल मी बादली काढलीही होती. पण पाऊस होता, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. शाळेतली बाई निखाऱ्यांची बादली घेऊन रस्त्याने निघालेली मुलांनी पाहिली असती तर वर्षभर चेष्टेला पुरलं असतं. निखारे तसेच राहू दिले. सकाळी राखेत बोट घातलं, गार होती.

संध्याकाळी दुकानातून आणलेल्या, जाळ धरवायच्या मेणवडीने शेगडी पेटवली. ज्वाळा काय सुंदर दिसतात!

१२ ऑक्टोबर
डेलियाबाईंना भेटले. त्यांनी पहिलं काय विचारलं, तर विस्तव. मी सांगितलं, मॅलकीकडे नेला होता, परत आणला. खोटं इतकं सहज बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. गुणाची पोर गं तू, म्हणाल्या आणि माझा हात थोपटला. त्यांचा हात बर्फासारखा होता. नर्स म्हणाली, गेले काही दिवस कशानेच ऊब येत नाही, गरम पाण्याच्या पिशव्या लावून थकलो. कधीपासून ते विचारलं. तिने सांगितलं, आठ तारखेपासून. शेगडी बसली त्या दिवसापासून.

योगायोग असेल.

२० ऑक्टोबर
शेगडी भडकलेली असते आणि खोली गार. फिंटनला बोलावलं. त्याने नळी, हवेची झडप, दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरी सगळं तपासलं. काहीही बिघडलेलं नाही. मग त्याने पेटत्या शेगडीच्या काचेवर तळहात टेकवला आणि तो तसाच राहू दिला. चटका बसलाच नाही. हत्यारं गोळा करून निघून गेला. चहाला थांबला नाही. या गावात चहाला कोणी नाही म्हणत नाही.

२७ ऑक्टोबर
उपाय सुचला! मॅलकीच्या लग्नात त्याच्या चुलीसाठी निखारे याच घरातून गेले होते. म्हणजे विस्तव तोच. बादली घेऊन गेले, भर रस्त्याने. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं.

मॅलकी लालबुंद झाला. मुलीकडे गॉलवेला गेला असताना त्याची चूल विझली होती. डेलियाबाईंना कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणून मी शाळेत असताना येऊन त्याने माझ्या शेगडीतले निखारे नेले. तेव्हापासून त्याची बायको ब्रीज घरातही कोट घालून बसते. म्हातारीला सांगू नकोस गं, पाया पडतो, म्हणाला.

मी म्हटलं, नाही सांगत.
माझं मात्र त्यालाही सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर
ब्रीजने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसती गार. मॅलकी स्वतःला दोष देत रडला. मी समोर बसून त्याचं सांत्वन केलं. मी!

ज्वाळा ऊब बाहेर टाकत नाहीत. आत ओढतात.

९ नोव्हेंबर
विझवायला गेले. पाणी ओतलं — विझत नाही.

डेलियाबाईंनी हट्ट धरलाय. शेवटचं आपल्या आगीपाशी बसायचंय. मॅलकी उद्या गाडीतून आणतोय. नको म्हणायला कारण सापडलं नाही.

१० नोव्हेंबर
आल्या. मॅलकी ब्रीजकडे परत गेला. काचेपुढे हात धरून बसल्या. मग विचारलं, ही कुणाची आग?

सांगितलं. सगळं — बादली, लाज, मेणवडी, खोटं. ब्रीजचंही. रडले.

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, विझला तर विझला, पोरी. शेजारणीकडून आणायचा. कुणाकडे तरी ऊब असतेच की.

आणि माझा हात मागितला.

डावा दिला. डायरी मांडीवर आहे, उजव्याने लिहितेय. त्यांच्या गालांवर लाली आलीय — खरंच आलीय, बरं वाटलं पाहून — माझी नखं निळी. कोपरापर्यंत काही कळत नाही.

थोडी ऊब ब्रीजलाही लागेल, म्हणतात. हळू बोलतात. मायेने.

आता उजवा मागताहेत. नाही म्हणू तरी कोणत्या तोंडा—