मोहन्याच्या घरातली चौथी खुर्ची

मी, शिवराम गोपाळ भोईर, वय ७९, निवृत्त इतिहासशिक्षक, राहणार डोंबिवली पूर्व, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःहून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. डोंबिवलीची जागा व बँकेतील ठेव मुलगी मेघना हिला द्यावी. तिने त्याबद्दल कधी विचारले नाही.

२. मोहने गावातले वडिलोपार्जित घर. हे नीट समजावून सांगावे लागेल.

धाकटा भाऊ देवराम ते घर एकटाच बळकावून बसला होता. बहीण कांता, दिवंगत भावाचा मुलगा रवींद्र आणि मी, तिघांनी दावा लावला व जिंकलो. देवरामकडून हक्कसोडपत्रावरही सही करून घेतली. तो आता दिवा गावात भाड्याने राहतो.

मग विजेत्यांचे बिनसले. १९४५ साली जर्मनी हरल्यावर हेच झाले, आणि हा धडा मला आजही शिकवावासा वाटतो. सोव्हिएत संघाला भरपाई हवी होती. त्यांनी कारखान्यांतली यंत्रे उखडून नेली. फ्रान्सला शेजारी कायमचा दुबळा हवा होता. अमेरिका व ब्रिटन यांना कळून चुकले की उपाशी जर्मनीला शेवटी आपल्यालाच पोसावे लागेल. देशाचे चार विभाग पडले. बर्लिन सोव्हिएत विभागाच्या पोटात, तरी त्याचेही चार तुकडे. शत्रू समोर होता तोवर मतभेद झाकलेले होते. चार वर्षांत एकाचे दोन देश झाले.

आमच्यात कांता म्हणाली, "दादा, सागवानी दारं मी नेणार. माझ्या लग्नात बाबांनी साधा पाट दिला नव्हता." रवींद्र म्हणाला, "काका, तुम्ही भांडत बसा. बिल्डर थांबणार नाहीये." मला डागडुजी करून भाडेकरू ठेवायचा होता. मी नेहमीच्या सवयीने ओटीवर खडूने तीन भाग आखले. देवराम पायरीवर बसला होता. त्याने विचारले, "दादा, मी कुठं उभा राहू?"

मी म्हणालो, "तू सही केली आहेस."

तेव्हा मला काही वाटले नाही. आजही वाटत नाही. घराला सात वर्षे कुलूप आहे.

३. नववीच्या वर्गात मी दरवर्षी जमिनीवर खडूने जर्मनी काढून चार मुलांना चार राष्ट्रे करीत असे. एकदा एका मुलीने विचारले, "सर, जर्मनी कोण होणार?" मी सांगितले, "जर्मनीला बोलायला बोलावले नव्हते. बस खाली." उत्तर अचूक होते. एकतीस वर्षे मी तेच शिकवले.

४. मोहन्याच्या घरातील माझा एकतृतीयांश हिस्सा देवराम यास. आता त्याच्या सहीवाचून ते घर विकता येणार नाही. कांता व रवींद्र यांना विनंती : ओटी पुसावी, चार खुर्च्या मांडाव्यात. माझी रिकामी राहू द्या. पहिल्यांदा देवराम बोलेल.

५. भिंतीवरचा युरोपचा नकाशा शाळेला.

ठिकाण : डोंबिवली पूर्व
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५
सही : शि. गो. भोईर

आमच्यासमक्ष सही केली :
१. नाथा पाटील, शेजारी
२. वल्लरी साळवी, वकील. पूर्वी इयत्ता नववी ब; प्रश्न विचारला ती.