मे महिन्यात शेकाची पिशवी

पुलगाव,
शनिवार, २८ मे १९८३

आदरणीय भैयाजी मामा,

प्रेमदासचा तुम्हाला आणि मामीला मनापासून जयभीम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच. तुमचा खोकला कसा आहे? मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं. आता तिला तुम्ही गोठ्यामागे बिडी ओढताना स्पष्ट दिसत असाल, तेव्हा खोकल्यालाही लवकरच उतार पडेल.

तुमचं आंतर्देशीय मिळालं. "सही करून टाक, सहीले काय लागते" हे वाक्य त्यात दोनदा आहे, आणि दुसऱ्यांदा त्याखाली रेघ आहे. तुमच्या रेघेचा पूर्ण मान राखून सांगतो, की मी सही करणार नाही. आमचे हेडक्लार्क बंडूजी हे तुमचे शाळेतले सोबती, त्यांच्याकडे शब्द टाकून तुम्हीच मला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लावलं, हे मी विसरलेलो नाही. पण प्राचार्य वासुदेवरावांनी जो कागद टाइप करून ठेवला आहे, त्यात लिहिलंय की मी बनवलेले कण निरुपयोगी आहेत, मी कॉलेजचं साहित्य आणि वेळ वाया घालवला, आणि याची मला खंत वाटते. सही केली तर नोकरी जूनपासून पुढे चालू, नाही तर घरी बसायचं. मामा, मला खंत वाटत नाही. आणि जी वाटत नाही ती टाइप केल्याने वाटायला लागत नाही.

हे कण म्हणजे काय भानगड आहे, असं तुम्ही विचारलंत. भानगड साधी आहे. मेण वितळताना उष्णता पोटात घेतं आणि थिजताना तीच परत देतं. पण नुसतं मेण पिशवीत भरलं तर ते वितळून गळतं (आमच्या सतरंजीला विचारा). म्हणून मेणाच्या बारीक बारीक थेंबांभोवती पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकसारखं, कवच चढवायचं. कण खसखशीएवढा, आत मेण वितळो की थिजो, बाहेरून तो कोरडाच. कवचाला लागतो युरिया (तोच, जो तुम्ही कपाशीला देता) आणि फॉर्मलिन (ज्यात प्राणिशास्त्रवाले बेडूक ठेवतात). ढवळायला यंत्र नव्हतं, म्हणून पंचफुलाची, म्हणजे तुमच्या भाचसुनेची, ताकाची रवी मी जुन्या टेबलफॅनच्या मोटारीला बांधली. पहिल्या खेपेला सगळ्याचा मिळून एकच गोळा झाला, आणि रवी अजून त्या गोळ्यातच आहे. चौथ्या खेपेला असा वास सुटला की शेजारच्या वर्गातली पोरं डोळे पुसत बाहेर आली आणि गणिताचा तास सुटला म्हणून माझ्यावर फार खूश झाली. अकराव्या खेपेला कण जमले. दहा खेपा वाया गेल्या हे वासुदेवरावांच्या लक्षात आहे, अकरावी जमली हे नाही.

जमली कशावरून म्हणाल, तर आईच्या, म्हणजे तुमच्याच बहिणीच्या, गुडघ्यांवरून. थंडीत तिचे गुडघे कसे धरतात हे तुम्हाला माहीत आहे. तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीने शेकलं तर ती दहा मिनिटांत गार. माझी पिशवी गरम पाण्यातून काढली की उतरत उतरत चव्वेचाळीस अंशांवर येते आणि तिथे बैठक मारते. आतलं सगळं मेण थिजेपर्यंत दीड-दोन तास हलत नाही. जानेवारीत आई आपल्या पायांनी विहिरीपर्यंत चालत गेली. पाणी आणलं नाही, नुसती शेजारणीशी भांडून आली. पण तीन वर्षांत तेही तिला जमलं नव्हतं. मी त्या दिवशी दारामागे जाऊन रडलो. (हे तिला सांगू नका.)

आता माझी चूक. मी ती लपवत नाही. हे कण कामाचे आहेत का ते बघायला नागपूरहून तपासणी समिती येणार होती, तिने २३ मे ही तारीख दिली आणि मी आनंदाने हो म्हणालो. आमच्या प्रयोगशाळेला पत्र्याचं छप्पर, आत पारा शेहेचाळीसवर. मेण थिजायचं चव्वेचाळीसला, आणि खोलीच त्याच्या वर! ते थिजणार कसं, आणि थिजलं नाही तर उष्णता देणार कुठून? पिशवी ढिम्म. समितीचे दोन विद्वान घामाने निथळत दोन तास थर्मामीटरकडे बघत बसले. शेवटी एकाने विचारलं की मुळात वर्धा जिल्ह्यात उष्णता साठवून ठेवायची गरज पडते कोणाला? त्यावर आमचा शिपाई रूपराव दारातून म्हणाला, "साहेब, इथं तं माठातलं पाणीबी तापून राह्यलं." सगळे खो खो हसले. वासुदेवराव सर्वांत जास्त.

मग मला राग आला. दुसरी एक पिशवी मी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली होती. ती काढली आणि काही न विचारता मोठ्या विद्वानांच्या टकलावर ठेवली. मामा, त्यांनी डोळे मिटले! जी पिशवी थंडीत उष्णता देते तीच उन्हात ती पिऊन घेते, असं मी समजावत होतो, आणि ते नुसते "हं, हं" करत होते. नंतर त्यांनी अहवालात लिहिलं की सदर कणांचा काहीही उपयोग आढळला नाही, आणि ती पिशवी डोक्यावर धरून जीपमध्ये बसून निघून गेले. ती अजून परत आलेली नाही.

आता सांगा, माफी कोणी मागायची? मी एमएस्सी झालो तेव्हा तुम्ही वस्तीत पेढे वाटत घरोघर सांगत होता, की आमचा पोरगा कोणापुढे मान खाली घालणार नाही. ते पेढे लोकांनी खाल्ले आहेत. आता माघार घ्यायची सोय नाही. नोकरी जाणार असेल तर जाऊ दे. मी शिकवण्या घेईन, पण डिसेंबरात याच समितीला बोलावीन आणि स्वेटर घालून या म्हणून कळवीन.

मामीला डोळ्यांत धूर जाऊ देऊ नका म्हणावं. तब्येतीला जपा.

तुमचा (आणि कोणाचाही नोकर नसलेला)
प्रेमदास

ता. क. : हे पत्र पोस्टात न टाकता नत्थूजी ट्रकवाल्यांच्या हाती देतो आहे. ते सरकी घेऊन आर्वीवरून कारंजाला येत आहेत. आज संध्याकाळच्या आत ते तुम्हाला मिळालंच पाहिजे. कारण खाली आहे.

ता. क. दुसरा : सही मी काल दुपारी चार वाजता केली. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त एक दिवस उशिरा लिहिलं आहे. बंडूजींनी पेनाचं टोपण काढून पुढे केलं, मला आईचं औषध आठवलं, आणि हात आपोआप गेला. वासुदेवराव सोमवारपर्यंत गावाला गेले आहेत, म्हणून कागद अजून बंडूजींच्या बॅगेतच आहे, आणि बॅग घेऊन ते दर शनिवारी कारंजाला घरी येतात. उद्या सकाळी त्यांच्याकडे जा आणि तो कागद मागून घ्या. माझी नोकरी लावायला तुम्ही शब्द टाकला होतात, आता घालवायला टाका.

ता. क. तिसरा : या पिशव्या पंचफुलाने शिवल्या आहेत. शिवणीतून एकही कण गळू नये म्हणून तिने प्रत्येक पिशवीला दुहेरी टाके घातले. हे मी वर लिहायला विसरलो. समितीलाही सांगायला विसरलो होतो. काल तिला सहीचं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी लेहून देलं, ते काईच कामाचं नाई म्हणून. मंग मी चार महिने काय शिवून राह्यली होती?" मामा, याचं उत्तर तुम्हाला देता येत असेल, तर कागद बंडूजींकडेच राहू द्या.