यंदा टँक उपसला नाही

मिस्त्री,

यंदा पोहण्याचा टँक उपसला नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं यातूनच निघालं आहे. तुम्ही होतात तेव्हा आणि तुमच्यानंतरही, दिवाळी आटोपली की आपण गेटला कुलूप लावायचो आणि सगळं पाणी नाल्याकडे सोडून द्यायचो. यंदा जानेवारी लागला तरी टँक काठोकाठ भरलेला आहे. सकाळी सातला पाण्यावर वाफ अशी बसलेली असते की समोरचा काठ दिसत नाही. वाफेतून डोकी निघतात आणि पुन्हा वाफेत जातात. मी शाल पांघरून काठावर उभा राहतो आणि डोकी मोजतो. बावीस भरली की बरं वाटतं. एकवीस भरली की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मग बाविसावं डोकं कुठंतरी खोकतं.

लोकांना वाटायचं, नागपूरच्या थंडीत कोण पोहणार म्हणून आपण बंद करतो. मलाही तसंच वाटत होतं, पहिल्या हिवाळ्यापर्यंत. सातवीतून शाळा सोडलेला मी, नुकताच तुमच्या हाताखाली लागलेला. टँकमध्ये गुडघाभर पाणी उरलं आहे. तुम्ही पँट वर खोचून उतारावरून बारा फुटी टोकाकडे चालला आहात आणि मी मागून. तळाशी ताटाएवढी लोखंडी जाळी आहे. तिच्या खालच्या भोकातून पाणी मोटरकडे जातं, एवढंच मला ठाऊक. तुम्ही जाळीचे चारही बोल्ट काढता, जाळी बाजूला ठेवता, मला वर पाठवून मोटर सुरू करायला लावता आणि परत बोलावून खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातात देता. "त्या भोकाजवळ धर," म्हणता. मी धरतो आणि दुपट्टा जातो. अर्धा आत, अर्धा माझ्या मुठीत.

"ओढ ना गा! एवढा जवान पोट्टा, अन् एक दुपट्टा निघत नाही?"

मी दोन्ही पाय रोवून ओढला. बोटं पांढरी झाली. दुपट्टा तसूभर हलला नाही. मोटर बंद केल्यावरच तो सैल झाला, आणि एका बाजूनं फाटून वर आला. तुम्ही तो पिळून परत खांद्यावर टाकलात.

"मोटरले काय समजते बे, दुपट्टा हाय का कोणाचे केस हाय? तिले फक्त ओढनं समजते. जाळी पक्की असली तं ओढ चारही बाजूले वाटल्या जाते, कोणाले समजत नाही. एक कोपरा उचकला का मंग आटोपलं. म्हणून वर्षातून एकदा टँक रिकामा. थंडीबिंडी लोकाइले सांगाची गोष्ट हाय. खरं सांगितलं तं पाण्यात कोण उतरन?"

म्हणून खरं कारण कुठल्याच कागदावर नाही. ते तुम्हाला माहीत होतं आणि मग मला. माझ्यानंतरच्या कोणालाच मी ते सांगितलेलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मी काठावरूनच पाहून म्हणालो होतो, चारही ठीक आहेत. तुम्ही मला खाली पाठवलंत. एक बोल्ट माझ्या दोन बोटांनी फिरला. "वरून पाहूनच सांगाचं होतं, तं टँक कायले उपसला?" एवढंच म्हणालात. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझी आई भिवापूरकडची, मिरचीच्या गावची, तिच्या ठेच्यासाठी तुम्ही स्वतःच्या आधी माझा डबा उघडायचात. त्या दिवसापासून आठ दिवस तुम्ही मोटरघरात माझ्याकडे पाठ करून जेवलात. नवव्या दिवशी डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलंत आणि मी त्यात ठेचा वाढला. त्यावर आपण कधी बोललो नाही. रिटायर होऊन गेलात त्या दिवशी तुमचा पाना एका फडक्यात गुंडाळून मला दिलात. तेव्हाही बोलला नाहीत.

मागच्या हिवाळ्यात त्याच पान्यानं चौथा बोल्ट कसत होतो, तर त्याचं डोकं तुटून हातात आलं. खालचा दांडा भोकात गंजून बसलेला. काढायचा तर फरशी फोडायला हवी होती. मी ऑफिसात चिठ्ठी दिली. दोनदा जाऊन विचारलं. दोन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये होते. तोवर पाणी भरायचा दिवस आला. मी त्या कोपऱ्याला तांब्याच्या तारेचे दुहेरी वेढे घातले, पकडीनं पिळले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, जाळी ठीक. माझं अक्षर वाईट आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते दोन शब्द मात्र फार स्वच्छ आले. म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात टँक रिकामा होईल तेव्हा करून घेऊ.

पुढच्या हिवाळ्यात टँक रिकामाच झाला नाही. इथं एक बाई पोहायला येतात, शाळेतून रिटायर झालेल्या. लहानपणी कन्हान नदीत पोहलेल्या आहेत. आता गुडघे दुखतात, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पोहणं सोडू नका. त्यांनी आणखी एकवीस जणांच्या सह्या गोळा केल्या, सगळे माझ्याच वयाचे, आणि हिवाळ्यातही टँक सुरू ठेवा म्हणून साहेबांकडे अर्ज नेला. साहेबांनी मला बोलावून घेतलं. बाई समोरच्या खुर्चीवर होत्या.

"दरवर्षी टँक कायले बंद करता हो तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"थंडी असते ना साहेब."

"बस? थंडीच?"

"हो साहेब."

"मग आमची थंडी आम्ही पाहून घेऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही काठावर शाल पांघरून बसा, बाप्पा!"

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मीही हसलो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग आता जाळी कशी आहे? मला रिटायर होऊन किती वर्षं झाली. व्हॉल्व्ह दुसऱ्या कोणाला समजत नाहीत म्हणून दरवर्षी पुन्हा ठेवून घेतात. साहेब म्हणाले असते, घरी बसा. बसलो असतो घरी. काय बिघडलं असतं? हे मी आता रोज स्वतःला विचारतो. त्या दिवशी विचारलं नाही.

बाई सकाळ-संध्याकाळ पोहायला येतात आणि माझ्यासाठी थर्मासमधून चहा आणतात. स्वतः कपात ओतून देतात. "तुम्ही टँकवर कामाला आहात का मसणात?" म्हणतात. "चेहरा पाहा जरा. तुमच्याकडे पाहूनच थंडी वाजते आम्हाले." त्यांची वेणी कमरेपर्यंत आहे, पांढरी, टोकाला मेंदीनं लाल. रोज शेवटी त्या बारा फुटांत बुडी मारतात, तळाला हात लावून वर येतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, बाई, टोपी घालत जा.

"त्या रबरी टोपीनं माह्या कानाले दडे बसतात. अन् या वयात माह्या केसाकडे कोण पाहून राहिलं? तुम्ही?"

सगळे बुढे पाण्यात हसले. नेहमीच काळजी करणाऱ्या माणसाचं हेच होतं. त्याची काळजी कोणी ऐकत नाही, आणि थोड्या दिवसांनी तोही ती बोलून दाखवणं सोडतो.

गेल्या आठवड्यात पाइपातून टक असा आवाज यायला लागला. थांबून थांबून. रिकाम्या घरात दाराची कडी हलावी तसा. मोटरच्या तोंडाशी जी गाळणी असते ती मी उघडली. पानं होती, कापूस होता, आणि त्यात एक लांब केस, टोकाला लाल. केस तर नेहमीच येतात, मी मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई तळ गाठून वर आल्या आणि काठाला धरून हसत हसत म्हणाल्या, "आज खाली कोणीतरी वेणी धरली हो माही! वळून पाहिलं तं कोणीच नाही." माझ्या हातात त्यांचाच चहा होता. तो मी प्यायलो.

त्या दिवसापासून लोक पाण्यात असले की मी मोटर बंद ठेवायला लागलो. मग इतर वेळीही सुरू करायची भीती वाटायला लागली, न जाणो, त्या ओढीनं जाळी पुरतीच सुटली तर. पाणी गढूळ होत गेलं. आता ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं झालं आहे आणि तळ दिसत नाही. जी जाळी निदान वरून दिसत होती तीही मीच झाकून टाकली. बाईंनी पाण्याची तक्रार केली. आज सकाळी साहेब स्वतः आले.

"मोटर काहून बंद ठेवून राहिले तुम्ही?"

"गरम होते साहेब."

"उद्या सकाळी सातला मी येतो. मोटर चालू पाहिजे. नाही तं दुसरा माणूस पाहतो मी."

"या साहेब," बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर तळ गाठून दाखवते."

इथवर दुपारी मोटरघरात बसून लिहिलं. मग वही मिटली, गेटला आतून कुलूप लावलं आणि नाल्याकडचा व्हॉल्व्ह उघडला. व्हॉल्व्ह जाम झाला होता, दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. गेलेलं पाणी उद्या सातपर्यंत कोणालाही परत भरता येणार नाही. पाणी त्याच भोकातून नाल्याला जाताना खाली ओढ सगळ्यात जास्त असते हे तुम्हीच शिकवलेलं, म्हणून खुर्ची गेटजवळ घेऊन बसलो आणि आतला आवाज ऐकत राहिलो. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक.

संध्याकाळच्या पोहण्याला बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी आल्या. मी गेट उघडलं, पण वाटेत उभा राहिलो.

"काहून हो, पाणी खाली गेल्यासारखं दिसते?"

"मी सोडलं बाई. पाण्याजवळ जाऊ नका. जाळी सुटली आहे."

मी त्यांना सांगितलं. जाळी कशासाठी असते ते, आणि तिचा एक बोल्ट तुटला हे. दुपट्ट्याचंही सांगितलं, तारेचं नाही. पाठीवरची वेणी त्यांनी पुढे घेतली आणि हातात धरून ठेवली.

"म्हणजे त्या दिवशी वेणी धरली ते..."

"हो."

"अन् तुम्ही माह्या हातचा चहा पीत होते."

मी खिशातली कुलपाची किल्ली चाचपली.

"कधी तुटला बोल्ट?" हे त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"आत्ताच, बाई. आठ-दहा दिवस झाले."

त्यांनी वेणी परत पाठीवर टाकली. "साहेबाले मी सांगणार नाही," म्हणाल्या. "तुम्ही सांगाल. उद्या सातला, माह्यासमोर." थर्मास पिशवीतून न काढताच त्या गेल्या.

आता शिडीच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. तीन दिवसांत तळ दिसेल आणि ती तारही. तांबं हिरवं पडलं असेल. आठ दिवसांत तांबं हिरवं पडत नाही, हे बाईंना समजेल आणि साहेबांनाही. उद्या काय बोलायचं ते अजून ठरत नाही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट यातच लिहितो. तार बांधल्यानंतरच्या मे महिन्यात बाईंची नात इथंच पोहायला शिकली. बारा फुटांत पहिली बुडी मारायला ती घाबरत होती, तेव्हा काठावरून मीच हात हलवून म्हणालो होतो, जा वं माय, काही होत नाही. बाईंना आज ते आठवलं नाही. मी आठवण करून दिली नाही.