वजन न घटणारी मुलं

सोलापूर, बुधवार संध्याकाळ

मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळ वस्तीतल्या अंगणवाडीची ॲपवरची नोंद आज पुन्हा उघडली. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन थोडं वाढलेलंच. कुणालाच ताप नाही, जुलाब नाही? आणि ही घरं दिवाळीपासून मेंढरं घेऊन बाहेर आहेत. मग वजन केलं कुणी?

सेविकेला फोन लावला. म्हणाली, "मॅडम, पोरं हितं न्हाईतच की. पण रकाना रिकामा ठेवला की लाल होतंय. लाल झालं की तुमचाच फोन येतोय."

खरंय. हिरव्यासाठी मी कधी फोन केलाय?

पाचला साहेबांनी वजनांचा तक्ता मागितला. पाठवला. एकाही मुलाचं वजन घटलेलं नाही.

आता खाली माझीही सही आहे.